जहाजावर किती बर्फ चढेल? अंदाज काढताना या चुका टाळा

थंड समुद्रात लाटांचा फवारा जहाजावर गोठून बर्फ चढतो, त्याला आयसिंग म्हणतात. अंदाज आणि प्रत्यक्ष बर्फ जुळत नाही म्हटलं की लोक आधी फॉर्म्युल्याला शिव्या घालतात, पण बरेचदा घोळ आपण भरलेल्या आकड्यांतच असतो. सगळ्यात जास्त वापरतात तो ओव्हरलँड या शास्त्रज्ञाचा फॉर्म्युला, वाऱ्याचा वेग गुणिले (गोठणबिंदू वजा हवेचं तापमान), आणि त्याला १ + ०.३ × (पाण्याचं तापमान वजा गोठणबिंदू) याने भागायचं, बस एवढाच.

आता वारा सेकंदाला १५ मीटर, हवा उणे १०, पाणी २ अंश धरा. उत्तर येतं ५७ च्या आसपास (हा नुसता निर्देशांक, सेंटिमीटर नव्हे), म्हणजे जोरदार आयसिंग, तासाला २ ते ४ सेंटिमीटर. पण वारा नॉट्समध्ये भरला (२९) की तेच उत्तर १११ होतं आणि थेट 'अतितीव्र'मध्ये जातं!! गोठणबिंदू ० धरला तरी ९४ येतो, म्हणजे परत अतितीव्र. समुद्राचं पाणी खारट असतं हो, ते साधारण उणे १.८ ला गोठतं. आणि काहीजण 'फील्स लाइक' तापमान टाकतात, ते तर अजिबात नको, त्यात वारा आधीच मोजलेला असतो.

पाण्याचं तापमान लोक हलक्यात घेतात. वरच्याच उदाहरणात पाणी २ ऐवजी ५ अंश असेल तर उत्तर ४० वर येतं, म्हणजे मध्यम. त्यामुळे गेल्या आठवड्याच्या नकाशावरून आकडा उचलू नका.

हा फॉर्म्युला २० ते ७५ मीटर लांबीच्या, वाऱ्याला समोरून किंवा बाजूने घेणाऱ्या जहाजांच्या नोंदींवरून बनलाय. एका जागी उभ्या असलेल्या ऑइल रिगला तो लावून उपयोग नाही, तिथे लाटांचा फवारा खालच्या भागातच जास्त बसतो आणि वर उंचावर धुकं, हिमवर्षाव, गोठणारा पाऊस यांचा बर्फ चढतो, त्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. तसंच वारा किनाऱ्याकडून येत असेल किंवा आजूबाजूला समुद्री बर्फ असेल तर मोठ्या लाटा सहसा उठत नाहीत, मग फवारा येणार कुठून? पण या फॉर्म्युल्यात लाटांची उंचीच नाहीये.

नुसते सेंटिमीटर बघून गप्प बसणं हीसुद्धा चूकच. पोलर कोडमध्ये, म्हणजे ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, जहाजाचा तोल तपासताना उघड्या डेकवर चौरस मीटरला ३० किलो बर्फ धरतात, म्हणजे जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर, जोरदार आयसिंगमध्ये पाऊण ते पावणेदोन तासांत संपला की तो हिशोब. शिवाय बर्फ सगळीकडे सारखा चढत नाही. ३१ डिसेंबर २०१९ ला अलास्काजवळ बुडालेल्या 'स्कँडीज रोझ'वर खेकड्यांचे जाळीचे पिंजरे रचलेले होते, बर्फ एका बाजूला जास्त चढला, ७ पैकी ५ जण गेले. पिंजऱ्यांचा ढीग म्हणजे सपाट भिंत नव्हे, बर्फ आतपर्यंत भरतो.

आणि जहाज नेहमीपेक्षा सावकाश डुलायला लागलं, एका बाजूला गेलं की परत यायला वेळ लावतंय असं वाटलं तर फॉर्म्युला बाजूला ठेवा. वेग कमी करा, जमत असेल तर वारा पाठीवर घ्या, आणि बर्फ फोडायला वरून सुरुवात करा, दोन्ही बाजूंनी सारखा.