पुणे विद्यापीठ ते वेताळ टेकडी: केव्हा, कुठून आणि कसे चालावे

विद्यापीठाच्या आसपास चालायला दोन अगदी वेगळ्या जागा आहेत. एक म्हणजे गणेशखिंडीतला विद्यापीठाचा 411 एकरांचा परिसर: जुनी झाडे, डांबरी रस्ते, भरपूर सावली. दुसरी म्हणजे सेनापती बापट रस्त्याला लागून असलेली चतुःशृंगीची टेकडी आणि तिच्यामागची वेताळ टेकडी: उघडा मुरूम, कातळ, गवत. ऊन चढल्यावर टेकडी आणि भल्या पहाटे विद्यापीठ, असा उलटा क्रम बरेच जण धरतात आणि दमतात. टेकडी पहाटे उरका. उशीर झालाच तर विद्यापीठात जा.

पुण्यात मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातनंतर. उन्हाळ्यात साडेसहाच्या आत चढायला लागा आणि साडेआठपर्यंत खाली या. नंतर कातळ तापतो आणि माथ्यावर सावली जेमतेम मिळते. पाणी उन्हाळ्यात माणशी एक लिटर, थंडीत अर्धा लिटर. माथ्यावर मिळेल या भरवशावर राहू नका.

विद्यापीठात शिरताना ओळखपत्र जवळ ठेवा आणि फाटक कधी बंद होते ते रखवालदाराला विचारा. मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम होता. विद्यापीठ आले 1949 साली. इथे पाय नेहमी सपाटीवर पडतो, म्हणून गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आणि चालायची सवय मोडलेल्यांनी पहिले दोन आठवडे इथेच अर्धा-पाऊण तास चालावे. डांबरावर चालताना वाहनांकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला. कानात गाणी असतील तर एक कान मोकळा ठेवा. औंधच्या बाजूचे गणेशखिंड उद्यानही जवळच आहे. 2020 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. तिथे जाण्याआधी प्रवेशाची वेळ विचारून घ्या.

आता टेकडी. शहर साधारण 560 मीटरवर आणि वेताळचा माथा 800च्या आसपास, म्हणजे चढ दोनशे मीटरच्या वर. चढताना बोलता येईल एवढाच वेग ठेवा. वाटा खूप फुटतात, म्हणून प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढा. परतताना वाट उलट्या दिशेने दिसते आणि तिथेच माणूस चुकतो. मळलेली वाट सोडून सरळ उतरणाऱ्या आडवाटा टाळा. पावसाचे पाणी त्याच रेषेने धावते, माती वाहून जाते आणि पुढच्या वर्षी तिथे घळ झालेली दिसते.

पडतात ते बहुतेक उतरताना. मुरमाचे गोल खडे बुटाखाली घरंगळतात. पाऊल लहान टाका, गुडघे किंचित वाकवा, जमिनीत रुतलेल्या दगडावर पाय ठेवा. तळवा गुळगुळीत झालेले जुने बूट विद्यापीठात चालतात, इथे नाही. पावसाळ्यात धोका वेगळा: ओल्या कातळावरचा काळपट-हिरवा थर म्हणजे शेवाळ, ते टाळून खडबडीत दगडावरून जा.

पावसाळा संपला की कुसळी गवत पिकते. कुसळाचे टोक सुईसारखे आणि त्यावरचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते पुढे सरकते पण मागे येत नाही. शेपूट दमट हवेत पीळ सोडते, सुकली की पुन्हा पिळते आणि टोक आणखी आत शिरते. मोज्यातले कुसळ शेपटीला धरून मागे ओढले तर तुटते आणि टोक आत राहते. मोजा काढा, उलटा करा आणि टोकाला धरून आतल्या बाजूने पुढे ओढा. सुती किंवा लोकरी मोज्यांत कुसळे सहज अडकतात. जाड कापडाची लांब पँट मोज्यांवर उतरू द्या.

जानेवारी ते मार्च पाने झडलेल्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुले दिसली की ती बहुधा उंदीरमारी. लवकर हिरवे दिसावे म्हणून लावलेले हे परदेशी झाड. टेकडीचे स्वतःचे म्हणावे तर सालई, मेडशिंगी, गणेर, पळस. फेब्रुवारीपासून गवत वाळून कडकडीत होते. एका विडीच्या थोटकाने उतार पेटतो, म्हणून काडेपेटी खिशातच नको. मोरांना दाणे टाकू नका. त्यांना तिथे पुरेसे मिळते.

पहाटे किंवा तिन्हीसांजेला विजेरी हवीच, कारण घोणस पाचोळ्यात ओळखू येत नाही. साप चावल्यास जखम कापू नका, आवळून बांधू नका. चावलेल्याला चालवू नका, 108ला फोन करा. भटकी कुत्री जवळ आली तर पळू नका; थांबा, नजर खाली ठेवा आणि हळूहळू बाजूला व्हा.