जुनो-१०६वर शून्यातून आवाज कसा घडवावा

सिंथेसायझर घरी आणल्यावर मी वर्षभर त्यातले तयार आवाजच वाजवत होतो. पॅनेलवरच्या स्लायडरना हात लावायची भीती वाटायची. ती गेली रोलंडच्या जुनो-१०६वर, एका संध्याकाळी. हे वाद्य १९८४ साली आलं, आणि आजही वादक त्याच्यावर जीव टाकतात. आवाज ज्या क्रमाने तयार होतो, जवळपास त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे त्याचे स्लायडर मांडले आहेत. एक स्लायडर, एक काम. म्हणून शिकायला याच्यासारखं वाद्य नाही.

सुरुवात करण्याआधी मागची पाटी वाचा. जपानी बाजारासाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टवर चालतात, आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न लावता प्लग घातलात, तर पुढचं सगळं तिथेच थांबेल.

पाटी कोरी करा. ‘मॅन्युअल’ बटण दाबा. आता साठवलेला आवाज बाजूला राहतो आणि स्लायडर जिथे आहेत तसंच ऐकू येतं. सगळे स्लायडर खाली आणा. मग व्हीसीएफचा, म्हणजे आवाजातली चमक गाळणाऱ्या फिल्टरचा, ‘फ्रीक्वेन्सी’ स्लायडर पूर्ण वर, व्हीसीएची, म्हणजे आवाज लहानमोठा करणाऱ्या भागाची, ‘लेव्हल’ मध्यावर आणि तिथला स्विच ‘गेट’वर, म्हणजे पट्टी दाबलेली असेपर्यंत सूर एकसारखा वाजेल. एचपीएफ, म्हणजे खालचे सूर गाळणारा फिल्टर, १वर ठेवा, कारण शून्यावर तो खालचे सूर उलट वाढवतो. आवाज पसरवणारा कोरस बंद.

कच्चा माल निवडा. डीसीओ म्हणजे ऑसिलेटर, मूळ लहर निर्माण करणारा भाग. त्यात फक्त ‘सॉ’, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर, चालू करा आणि मधला सा धरा. आवाज चिरका आणि उघडा येईल. तो तसाच हवा, कारण त्यात वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर, खच्चून भरलेले असतात आणि आपण पुढे त्यातूनच कोरणार आहोत. आता ‘सब’चा स्लायडर चढवा. खालच्या सप्तकातला सूर येऊन मिळतो. खर्ज-नर पेटीवर बोट ठेवलेल्याला हा भरणा लगेच ओळखीचा वाटेल.

फिल्टर हाताने ऐका. या पायरीवर घाई करू नका. आधी स्वतः एक सूर लावा, ‘आ’ म्हणता म्हणता ओठ मिटत ‘ऊ’कडे जा. सूर हलला नाही, पण वरची चमक गेली. आता एक पट्टी दाबून धरा आणि व्हीसीएफची ‘फ्रीक्वेन्सी’ तशीच सावकाश खाली ओढा. तेच घडेल. मग ‘रेझोनन्स’ अर्ध्यापर्यंत चढवा आणि पुन्हा ओढा. तानपुऱ्याची जवारी लागल्यावर एकेक स्वरांश सुटा ऐकू येतो ना, तसे ते इथे बोटाखालून जाताना कळतात. रेझोनन्स पूर्ण वर नेला की फिल्टर स्वतःच शिट्टी घालू लागतो, म्हणून आवाज आधी कमी करा. या एका स्लायडरवर मी कितीतरी रात्री घालवल्या आहेत, आणि हार्डवेअरची ओढ म्हणतात ती मला इथेच कळली. माउसने आकडा बदलता येतो, पण असा हात फिरत नाही.

आवाजाला आयुष्य द्या. व्हीसीएचा स्विच ‘एन्व्ह’वर, म्हणजे एन्व्हलपवर करा. सूर किती वेळात चढतो (अटॅक), किती वेळात उतरतो (डीके), कुठे टिकतो (सस्टेन) आणि पट्टी सोडल्यावर किती वेळात विरतो (रिलीज), हे तो ठरवतो. अटॅक शून्य, सस्टेन शून्य, डीके मध्यावर ठेवलं की सतारीच्या आघातासारखा सूर उमटून विरतो. अटॅक वाढवून सस्टेन वर नेलात, तर गजाने ओढल्यासारखा हळूहळू भरत येतो. हमखास होणारी चूक एकच, सस्टेनलाही वेळ समजणं: अटॅक, डीके आणि रिलीज हे तिन्ही वेळ सांगतात, सस्टेन मात्र पातळी सांगतो. फिल्टरची फ्रीक्वेन्सी खाली आणून व्हीसीएफचा ‘एन्व्ह’ चढवला की प्रत्येक सुराबरोबर फिल्टर आपणहून उघडतो आणि मिटतो.

कंप. एलएफओ म्हणजे सुराला हलवणारी संथ लहर. तिचा ‘रेट’ मध्याच्या थोडा वर आणि डीसीओमधला ‘एलएफओ’ अगदी किंचित. मग ‘डिले’ वाढवा. सूर आधी सरळ लागतो, स्थिरावल्यावर हलू लागतो. चांगला गायक ठेहराव घेताना असंच करतो.

कोरस सर्वांत शेवटी. जुनोत प्रत्येक सुरामागे एकच ऑसिलेटर आहे, त्यामुळे आतापर्यंतचा आवाज सडपातळ वाटला असेल. आता ‘१’ दाबा. आवाज दोन्ही स्पीकरांत पसरतो आणि लाटेसारखा हलू लागतो. जुनोवरचं बरंचसं प्रेम या बटणावरचं आहे. मागे थोडी सळसळ येते, ती बिघाड नव्हे.

आवडलं की ‘राइट’ दाबून धरा आणि बँक व पॅचचा, म्हणजे आवाज साठवायच्या जागेचा, क्रमांक द्या. १२८ जागा आहेत.

हीच वाट १९७०च्या मिनीमूगवरही चालते. तिथे तीन ऑसिलेटर असतात आणि एका वेळी एकच सूर निघतो, म्हणून मींड घ्यायला ते वाद्य जास्त सोयीचं. रोलंडच्या टीबी-३०३ या बासच्या यंत्रातही एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारा ‘स्लाइड’ आहे. १९८२ साली मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी तेच यंत्र, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. १९८३च्या यामाहा डीएक्स७वर मात्र या पायऱ्या शोधू नका. त्यात आवाज एफएम पद्धतीने, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवून, बनतो आणि पॅनेलवर असे वेगवेगळे स्लायडरच नाहीत.

जुना जुनो घ्यायला जाल तेव्हा एक परीक्षा नक्की करा. त्यात सहा व्हॉइस, म्हणजे एकेक सूर काढणारे सहा स्वतंत्र भाग, असतात. ‘पॉली १’ हे बटण चालू असताना एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली की सूर आळीपाळीने एकेका व्हॉइसमधून निघतो. मी हे न करता एका विक्रेत्याकडून एक घेतला आणि घरी आल्यावर दर सहावा सूर मुका निघाला. या मॉडेलच्या व्हॉइस-चिपा वयानुसार जातात, बदलून मिळतात, पण तो खर्च किमतीतून आधीच वजा करून घ्यावा. बारा वेळा दाबा, कान देऊन मोजा, मगच पैशांचं बोला.