सोलर बसवायचंय? आधी वेंडरला गच्चीवर चढू द्या

गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं काढा आणि रुपये सोडून त्यातले युनिट बघा. एक किलोवॅटचं सोलर आपल्याकडे महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट देतं, पावसाळ्यात कमी. म्हणजे 300 युनिट लागणाऱ्या घराला तीन किलोवॅट पुरतं. हा हिशेब घरीच झाला की पाच किलोवॅट गळ्यात मारायला आलेला माणूस लगेच ओळखू येतो.

मग पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवरच्या नोंदणीकृत वेंडरांपैकी तिघांना गाठा. यादीबाहेरच्याकडून काम केलं तर अनुदान नाही. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000, तीन किंवा जास्त असेल तर एकूण 78,000 रुपये थेट तुमच्या खात्यात जमा होतात. त्यासाठी पॅनेलमधले सेलही भारतीय बनावटीचे लागतात, म्हणून कोटेशनवर 'डीसीआर' (म्हणजे देशी बनावटीचं) लिहून घ्या.

फोनवरच रेट सांगणाऱ्याला मी तिथेच सोडतो. आमच्याकडे आलेल्या एका तंत्रज्ञाने गच्चीवर टेप लावला, टाकीची उंची मोजली आणि खडूने फरशीवर रेघ ओढली. "काका, डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, टाकीची सावली इथवर येणार. रेघेच्या अलीकडे पॅनेल नको." काम त्यालाच दिलं.

स्ट्रक्चरवर, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात त्या सांगाड्यावर, मात्र कितीही वेळ घालवा. माझ्या भावाच्या घरी स्लॅबला भोकं पाडून पाय ठोकले आणि पहिल्याच पावसात देवघरात पाणी ठिबकलं. पाय कसे बसवणार, वॉटरप्रूफिंग कोण करणार, हे लेखी घ्या. कोकणात तर खारा वारा लोखंड खातो; हॉट-डिप गॅल्वनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) मागा. जागेवर वेल्डिंग करून वर रंग फासणार असतील तर सांध्यापासून गंज धरतो. अर्थिंगचे खड्डे किती, हेही विचारा: डीसी (पॅनेलची बाजू), एसी (घराच्या विजेची बाजू) आणि आकाशातली वीज झेलणारा वीजरोधक, तिघांचं वेगवेगळं हवं.

"लाइट गेल्यावर चालेल का?" हा प्रश्न मुद्दाम टाका. बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली, सिस्टीम तेव्हा बंदच पडते, नाहीतर आपली वीज लाइनवर जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल. "हो, चालेल की" म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

पाच वर्षांची देखभाल करारात हवीच. महावितरणची कागदपत्रं कोण करणार तेही ठरवा आणि नेट मीटर (लाइनवर दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा) लागेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा. सही करण्याआधी त्यांनी दोन पावसाळ्यांपूर्वी केलेलं एखादं काम बघून या, तेही घरमालकाशी एकट्याने बोलून.