गो या प्रोग्रामिंग भाषेतला कॉन्करंट (एकाच वेळी अनेक कामं चालवणारा) कोड ताणून कसा बघायचा

टेस्ट एकदा पास झाली म्हणून कॉन्करंट कोड बरोबर आहे असं धरून चालू नका, कारण काउंटर एकने वाढवणं हे सुद्धा वाचा, वाढवा, परत लिहा असं तीन टप्प्यांचं काम आहे आणि मधेच दुसरं गोरूटीन (गो मध्ये बाकीच्यांसोबत स्वतंत्र चालणारं काम) घुसलं की एक वाढ गायब. सुरुवात छोटी करा, १०० गोरूटीन, प्रत्येकाने १००० वेळा वाढवायचं, शेवटी १,००,००० आलेच पाहिजेत. सगळ्यांना आधी एका चॅनेलवर (गोरूटीननी एकमेकांना निरोप द्यायची वाट) थांबवा आणि मग तो चॅनेल क्लोज करा म्हणजे सगळे एकदम सुटतात, नाहीतर पहिले काही बाकीचे सुरू व्हायच्या आतच संपतात आणि टक्कर होतच नाही. मग गो टेस्टला (टेस्ट चालवायची कमांड) रेस फ्लॅग लावा, म्हणजे रेस, अर्थात दोन गोरूटीनची एकाच डेटावरची टक्कर, शोधणारा डिटेक्टर चालू होतो, काउंट (टेस्ट किती वेळा चालवायची) वाढवा, सीपीयू फ्लॅगला (एकावेळी किती प्रोसेसर वापरायचे) १,२,४,८ द्या. रेस डिटेक्टरमुळे मेमरी साधारण ५ ते १० पट लागते, टेस्ट हळू होते, पण लावाच, आकडा योगायोगाने बरोबर आला तरी डिटेक्टर रेस पकडू शकतो. मात्र जो कोड खरंच चालला तेवढाच तो बघतो. आणि टाइमिंग जुळवायला स्लीप (थोडा वेळ थांबायची सूचना) टाकू नका प्लीज, त्याने बग लपतो. डेडलॉकसाठी (गोरूटीन एकमेकांची वाट बघत कायमचे अडकणं) टेस्टचा टाइमआउट, म्हणजे वेळेची मर्यादा, कमी ठेवा, डीफॉल्ट १० मिनिटं असतो, संपला की सगळ्या गोरूटीनचे स्टॅक (कुठल्या फंक्शनच्या कुठल्या ओळीवर आहेत त्याची यादी) छापून येतात, कोण कुठे अडकलंय ते तिथेच दिसतं.