१९३० सालाबद्दल लिहिताना-बोलताना या चुका टाळा

जानेवारीत प्रजासत्ताक दिन येतो, मार्चमध्ये दांडीयात्रेची आठवण निघते, डिसेंबरात बाबू गेनूंचा स्मृतिदिन येतो. दर वेळी शाळेच्या फळ्यावर, वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात, चौकातल्या फ्लेक्सवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर १९३० सालाबद्दल त्याच त्या चुका फिरत राहतात. मला या चुका खटकतात. ज्यांनी त्या वर्षी लाठ्या खाल्ल्या, शिक्षा भोगल्या, जीव दिला, त्यांना आपण चुकीच्या गावात, चुकीच्या तारखेला आणि कधी कधी चुकीच्या लढ्यात नेऊन उभे करतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीबाबत एवढी काळजी घ्यायलाच हवी.

सगळे वर्ष दांडीत गुंडाळू नका

सर्वांत मोठी चूक हीच. १९३० म्हणजे मीठ, मीठ म्हणजे दांडी, आणि मूठभर मीठ उचलताच इंग्रज हादरले, असा सरळ हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात यात्रा १२ मार्चला साबरमतीहून निघाली, सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीला पोहोचली आणि ६ एप्रिलला सकाळी कायदा मोडला गेला. त्या वेळी गांधीजींना अटक झाली नाही. त्यानंतर पूर्ण महिनाभर ते गुजरातेत मोकळे फिरत होते. दांडीजवळच्या कराडी गावातून ४ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना उचलले, रेल्वेने आणून बोरिवलीला उतरवले आणि मोटारीने पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात नेले. खटला भरलाच नाही. खटल्याविना डांबून ठेवण्यासाठी १८२७ सालचे मुंबई इलाख्याचे जुने रेग्युलेशन वापरले.

दांडीला पोलिसांनी सत्याग्रहींची डोकी फोडली, असेही अनेक जण लिहितात. ते दृश्य धरासण्याचे आहे. दांडीच्या दक्षिणेला, वलसाडच्या बाजूला धरासण्याचे मिठागर होते. तिथे २१ मे रोजी रांगा करून पुढे जाणाऱ्या स्वयंसेवकांवर लोखंडी टोकांच्या लाठ्या चालल्या. एकाने खाली पडावे आणि दुसऱ्याने हात न उगारता पुढे यावे, असे तासन् तास चालले. वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराने ते डोळ्यांनी पाहिले आणि त्याच्या वृत्तांतामुळे ते जगभर पोहोचले. नेतृत्व सरोजिनी नायडूंकडे होते, कारण गांधीजी येरवड्यात होते आणि त्यांच्यामागून सूत्रे हाती घेतलेले वयोवृद्ध अब्बास तय्यबजीही पकडले गेले होते.

सरोजिनीबाईंवरून आठवले. पहिल्या दिवसापासून त्या दांडीयात्रेत चालत होत्या, असे चित्र पुष्कळ ठिकाणी काढलेले असते. साबरमतीहून गांधीजींबरोबर निघालेल्या ७८ जणांच्या यादीत एकही स्त्री नव्हती. सरोजिनीबाई शेवटी दांडीला होत्या. स्त्रियांना लढ्यात उघडपणे घ्या, असा आग्रह कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी धरला होता, आणि एप्रिलपासून मुंबईच्या रस्त्यांवर बायका इतक्या मोठ्या संख्येने उतरल्या की पोलीसही गोंधळले. वल्लभभाई पटेलांनाही यात्रेत चालवू नका. यात्रा निघण्याआधीच, ७ मार्चला, त्यांना रास गावी अटक झाली होती. त्या ७८ जणांत संगीतकार पंडित नारायण मोरेश्वर खरे मात्र होते. मराठी शाळेतल्या भाषणात त्यांचे नाव सहसा कोणी घेत नाही. ते जरूर घ्यावे.

गांधीजी तेव्हा कुठे होते, हे आधी पाहा

दुरुस्तीचा हा सर्वांत सोपा उपाय. ५ मे १९३० ते २६ जानेवारी १९३१ या काळात गांधीजी येरवड्यात होते. त्यामुळे या काळातल्या कुठल्याही घटनेच्या वर्णनात ते मोर्चाच्या पुढे चालताना किंवा सभेत बोलताना दिसले, तर तो मजकूर चुकला आहे. जवाहरलाल नेहरू १४ एप्रिलला पकडले गेले, ऑक्टोबरमध्ये थोडे दिवस सुटले आणि त्याच महिन्यात पुन्हा आत गेले. म्हणजे वर्षाचा बराच काळ मोठे नेते गजांआड होते आणि तरीही चळवळ थांबली नाही. ती गावोगावच्या माणसांनी चालवली. हे एकदा ध्यानात आले की वर्षाचे सगळे रूपच बदलते.

हीच कसोटी गोलमेज परिषदेला लावा. पहिली गोलमेज परिषद १२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये सुरू झाली. तिला गांधीजी गेले, असे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेसुद्धा लिहून येतात. काँग्रेसचा एकही प्रतिनिधी तिथे नव्हता. गांधीजी गेले ते १९३१ सालच्या दुसऱ्या परिषदेला. पहिल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रेट्टमलई श्रीनिवासन हे अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी होते. तेजबहादूर सप्रू, बॅ. मुकुंदराव जयकर, डॉ. मुंजे, बॅ. जीना हेही होते. याच सप्रू-जयकरांनी त्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये येरवड्याला खेपा घालून सरकार आणि काँग्रेस यांच्यात समेट घडवण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला, म्हणून परिषद काँग्रेसशिवाय भरली.

२ मार्च या तारखेची एकच बाजू सांगू नका

या लेखात मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते इथे. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले आणि मिठाचा कायदा मोडणार असल्याची आगाऊ सूचना दिली. रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा तरुण इंग्रज ते पत्र घेऊन दिल्लीला गेला. ही माहिती पुस्तकांत असते. त्याच दिवशी, त्याच २ मार्चला, नाशिकमध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष काळाराम मंदिराकडे निघाले. मंदिराचे दरवाजे बंद होते. पोलीस बंदोबस्त होता. दारांपुढे सत्याग्रह सुरू झाला. एप्रिलमध्ये रामनवमीच्या रथावरून मारामारी झाली आणि त्यानंतरही महिनोन् महिने लोक ठाण मांडून राहिले. नाशिकची बाजू दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली.

या सत्याग्रहाबद्दल तीन चुका वारंवार होतात. पहिली, तो महाडच्या सत्याग्रहाशी एकत्र केला जातो. महाडचे चवदार तळे मार्च १९२७ मधले आणि मनुस्मृतीचे दहन त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरचे. नाशिक त्यानंतर तीन वर्षांनी. दुसरी चूक म्हणजे मंदिर उघडले आणि सत्याग्रह जिंकला, असे सांगणे. मंदिर उघडले नाही. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला आणि १९३४ मध्ये तो थांबवावा, असे बाबासाहेबांनीच गायकवाडांना कळवले. पुढच्या वर्षी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. नाशिकची ती बंद दारे बाजूला ठेवली तर येवल्याची घोषणा कळत नाही.

तिसरी चूक जास्त बोचते. १९३० साली बाबासाहेब इंग्रजांच्या बाजूने होते, असा शेरा काही जण बिनदिक्कत मारतात. लंडनच्या परिषदेत त्यांनी इंग्रज सरकारलाच धारेवर धरले. दीडशे वर्षे राज्य करून तुम्ही अस्पृश्यांसाठी काय बदलले, हा त्यांचा सवाल होता. नोकरशाहीचे राज्य जाऊन लोकांचे, लोकांसाठी आणि लोकांनी चालवलेले राज्य यावे, ही मागणीही त्यांनी तिथे केली. त्या राज्यात आमचे स्थान काय, हे त्याच वेळी ठरवा, इतकेच ते काँग्रेसच्या पुढे जाऊन विचारत होते. त्या वर्षी सत्याग्रह दोन होते, एक परक्या सत्तेच्या कायद्यासमोर आणि दुसरा आपल्याच माणसांनी लावलेल्या दारासमोर. दोन्ही सांगितल्याशिवाय मराठी माणसाने १९३० सांगितले, असे मी मानत नाही.

मिठावरचा कर गेला, असे लिहू नका

मणाला सव्वा रुपया असा कर तेव्हा मिठावर होता. दांडीयात्रेमुळे तो रद्द झाला, असा अनेकांचा समज आहे. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात एवढेच मिळाले की मीठ तयार होते त्या भागातल्या गावकऱ्यांनी घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी ते काढावे. कायदा तसाच राहिला. कर उठला तो १९४७ मध्ये. शिवाय मीठ ही त्या वेळची एकमेव मागणीही नव्हती. जानेवारीच्या शेवटी गांधीजींनी आयर्विनपुढे अकरा मुद्दे ठेवले होते. शेतसारा निम्मा करा, लष्करी खर्च निम्म्यावर आणा, रुपयाचा भाव बदला, दारूबंदी करा, परदेशी कापडावर जकात लावा, राजकीय कैदी सोडा अशा मागण्या त्यांत होत्या.

समुद्र नव्हता तिथे काय झाले?

मीठ काढायला समुद्र हवा आणि ऊनही हवे. पावसाळा लागला की मिठाचा सत्याग्रह आपोआप मंदावतो. कोकणात शिरोड्याला, मुंबईत वडाळ्याच्या मिठागरावर मेपर्यंत जोर होता, पण वऱ्हाड आणि देशावरच्या लोकांनी काय करायचे? अकोला जिल्ह्यात दहिहांड्याला खाऱ्या विहिरींचे पाणी वापरून मीठ केले. पुढे जंगल सत्याग्रहाची वाट निघाली. सरकारी राखीव जंगलात शिरून गवत कापायचे. १० जुलैला पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी तो सुरू केला आणि मग तो सातारा, नगर, कुलाबा असा पसरला. गुरांचा चारा आणि सरपण हा शेतकऱ्यांचा आणि आदिवासींचा रोजचा जाच होता, म्हणून ही माणसे मिठापेक्षाही जास्त जोमाने जंगलाच्या लढ्यात उतरली. महाराष्ट्रातल्या १९३० वर लिहिणाऱ्याने जंगल सत्याग्रहाला एका ओळीत उरकणे ही माझ्या दृष्टीने गंभीर चूक आहे.

२५ सप्टेंबरला उरण तालुक्यात चिरनेर येथे अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही मारले गेले. नाग्या महादू कातकरी त्यांपैकी एक. त्याच दिवशी तिथे मामलेदारही मरण पावले. आपण गौरवाच्या भरात अशा गोष्टी गाळतो. गाळू नयेत. चळवळ अहिंसक होती हे खरे, आणि त्या वर्षी रक्त सांडले हेही खरे. १८ एप्रिलला सूर्य सेन यांच्या साथीदारांनी चितगावच्या शस्त्रागारावर हल्ला केला. २३ एप्रिलला पेशावरात जमावावर गोळीबार झाला, आणि नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडायला चंद्रसिंह गढवाली व त्यांच्या सहकारी शिपायांनी नकार दिला.

सोलापूर आणि बाबू गेनू

सोलापूरच्या चार हुतात्म्यांबद्दल बोलताना तारखांची हमखास गल्लत होते. गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यावर शहर पेटले. ८ मेला शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव आणि पोलीस भिडले, गोळीबार झाला, पोलीसही मारले गेले, कोर्टाला आग लागली. पोलीस शहर सोडून गेले आणि काही दिवस स्वयंसेवकांनी व्यवस्था पाहिली. १२ मेला मार्शल लॉ लागला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी मात्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात दिली गेली. मे १९३० मध्ये नव्हे आणि सोलापुरातही नव्हे. मधले आठ महिने खटला, शिक्षा आणि अपील यांचे होते. ते गाळले की या चौघांनी काय सोसले, तेच कळत नाही.

बाबू गेनूंना काही जण १९४२ मध्ये टाकतात. ते १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि चिरडले गेले. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे हे गिरणी कामगार. सरकारने त्याला अपघात म्हटले. त्यांच्या मृत्यूचा संबंध मिठाशी नाही, परदेशी कापडावरच्या बहिष्काराशी आहे.

आजचे जिल्हे आणि राज्य मागे लावू नका

चिरनेर तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते, शिरोडे रत्नागिरी जिल्ह्यात. नाशिक आणि सोलापूर मुंबई इलाख्यात, तर यवतमाळ आणि अकोला मध्य प्रांत व वऱ्हाडात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथले कायदे वेगळे आणि तिथला लढाही वेगळ्या वाटेने गेला. गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. १९३० साली तिथे चर्चा होती ती सालाझारने आणलेल्या वसाहत कायद्याची. गोमंतकीयांना दुय्यम ठरवणाऱ्या या कायद्याविरुद्ध लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी जुलैमध्ये तिथल्या विधिमंडळात आवाज उठवला. गोव्याच्या वाचकासाठी लिहिताना हे आधी यायला हवे.

२६ जानेवारीचेही असेच. पूर्ण स्वराज्याचा ठराव डिसेंबर १९२९ च्या शेवटी लाहोरला रावीच्या काठी झाला. २६ जानेवारी १९३० हा देशभर प्रतिज्ञा घेण्याचा दिवस होता, आणि त्याच्या स्मरणार्थ १९५० साली राज्यघटना अमलात आणायला तीच तारीख निवडली गेली.

भाषणाला पाचच मिनिटे असतील तर अख्खे वर्ष सांगायला जाऊ नका. आपल्या जवळची एक घटना घ्या, तिची तारीख, तेव्हाचा जिल्हा आणि मोडलेला कायदा तपासून घ्या, आणि त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या माणसांची नावे सांगा.