लो-कार्ब सुरू करताय? आधी ताटातली रिकामी जागा भरा

लो-कार्ब म्हणजे भात, ब्रेड, बटाटा, साखर यांतली कर्बोदकं (कार्ब्ज) कमी करणारा आहार. तो करायचं ठरवून आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारतो, "काय काय बंद करू?" मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझं उत्तर ठरलेलं आहे : बंद काय करायचं ते नंतर बघू, आधी त्या जागी काय खाणार ते सांगा. भात निम्म्यावर आणला, ब्रेड सोडला आणि ताटात दुसरं काही वाढून घेतलंच नाही, तर ती उपासमार झाली. अशी माणसं तीन-चार दिवस नेटाने काढतात, मग एका संध्याकाळी बिस्किटांचा अख्खा पुडा संपवतात आणि "माझ्यात निग्रहच नाही" म्हणत सगळं सोडून देतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण निग्रहाचा इथे संबंधच नसतो. दिवसभर पोटात पुरेशी प्रथिनं गेलेली नसतात, एवढंच.

आधी डॉक्टर

हा भाग कृपा करून वगळू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या चालू असतील, तर ताटाला हात लावण्याआधी डॉक्टरांना भेटा. त्यांचे डोस तुमच्या आत्ताच्या खाण्याच्या हिशेबाने ठरलेले असतात. कार्ब्ज एकदम उतरले आणि डोस तोच राहिला, तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. त्यांच्या जोडीला कार्ब्ज फारच कमी झाले तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याची जिवावर बेतू शकणारी अवस्था) होऊ शकतो, आणि साखरेचा आकडा बरा दिसतोय म्हणून तो लक्षातही येत नाही. रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांना पहिल्या काही आठवड्यांत उठता-बसता चक्कर येऊ शकते, कारण या आहाराने दाब थोडा उतरतो; त्यांचाही डोस बघून घ्यावा लागतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, टाइप १ मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, खाण्याशी निगडित मानसिक आजारातून गेलेले आणि अठरा वर्षांखालची मुलं, यांनी वाचलेल्या माहितीच्या आधारावर स्वतःहून काहीच सुरू करू नये. बाकीच्यांनी निदान लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या रक्ततपासण्या करून ठेवाव्यात. पुढे तुलना करायला जुना आकडा हाताशी लागतो.

किती ग्रॅम?

दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या निम्म्या कॅलरी कार्ब्जमधून येत असतील तर ते २५० ग्रॅम होतात, कारण एका ग्रॅमला ४ कॅलरी. साधारणपणे १३० ग्रॅमच्या खाली आलात की त्याला लो-कार्ब म्हणतात. ५० च्या खाली गेलात की कीटो सुरू होतं, म्हणजे शरीर साखरेऐवजी मुख्यतः चरबीवर चालायला लागतं. कीटो आहार १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला होता. तो एक वैद्यकीय उपचार होता आणि आजही मला तो देखरेखीखालीच करण्याजोगा वाटतो. नुसतं वजन उतरवायचं असेल तर पहिल्याच दिवशी २० ग्रॅमवर उडी मारायचं काही कारण नाही. मी बहुतेकांना १०० ते १३० च्या दरम्यान सुरू करायला सांगते.

यामागे एक चांगला अभ्यासही आहे. स्टॅनफर्डच्या ख्रिस्टोफर गार्डनर यांच्या चमूने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने कार्ब्ज कमी केले, दुसऱ्याने चरबी. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ६ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ५.३ किलोने, म्हणजे म्हणावा असा फरक नाही. पण दोन्ही गटांना जे समान सांगितलं होतं ते मला जास्त मोलाचं वाटतं : भाज्या भरपूर खा, वरून घातलेली साखर आणि मैदा टाळा, शक्यतो घरी शिजवलेलं खा. कॅलरी मोजायला कोणालाच सांगितलं नव्हतं. लो-कार्ब गटाने सुरुवात २० ग्रॅमपासून केली, मग ज्याला जेवढं झेपेल तेवढं परत वाढवलं. वर्षाच्या शेवटी त्यांची सरासरी १३० ग्रॅमच्या आसपास येऊन थांबली होती. शेवटी जिथे पोचायचं, तिथूनच सुरुवात केलेली काय वाईट?

तर लो-कार्बमध्ये काही जादू आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांना गोड आणि पिठूळ खाल्लं की दोन तासांत पुन्हा भूक लागते, त्यांना हा मार्ग सोपा जातो. ज्यांचं भाताशिवाय जेवणच होत नाही, त्यांनी दुसरा मार्ग धरला तरी वजन उतरतं.

तीन दिवसांची वही

काहीही बदलण्याआधी तीन दिवस, जे खाल-प्याल ते तिथल्या तिथे लिहा. रात्री आठवून लिहिलेल्या वहीत चहातली साखर कधीच नसते.

अशाच एका वहीतली सकाळ बघा. संत्र्याच्या रसाचा मोठा पेला, जॅम लावलेले ब्रेडचे दोन स्लाइस आणि दोन-दोन चमचे साखरेचे दोन कप चहा. पाव लिटर रसात सुमारे २६ ग्रॅम कार्ब्ज, दोन स्लाइसमध्ये २८ च्या आसपास, मोठा चमचाभर जॅममध्ये १३, चार छोटे चमचे साखरेत १६. बेरीज ऐंशीच्या वर गेली आणि अजून सकाळचे नऊ वाजायचेत. प्रथिनं मात्र मोजून सात-आठ ग्रॅम. अकरा वाजता हात डब्याकडे जाणारच.

तीच सकाळ आम्ही अशी बदलली : दोन अंड्यांचं ऑम्लेट, त्यात मूठभर पालक आणि मशरूम, सोबत एकच स्लाइस, रसाऐवजी अख्खं संत्रं आणि चहा दोन्ही वेळा अर्धा चमचा साखरेचा. कार्ब्ज पस्तीसच्या आसपास आले, प्रथिनं दुपटीहून वाढली. ब्रेड, संत्रं, चहा, काहीही पूर्ण बंद झालं नाही. गेला तो फक्त रस आणि जॅम. तुमच्या वहीतही आधी पेयं शोधा : रस, सरबतं, कोला, साखर घातलेली कॉफी. ३३० मिलिलिटर कोलाच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅम साखर असते आणि तिने पोट जराही भरत नाही. पहिल्या आठवड्यात एवढं एकच काम केलंत तरी पुरे.

ताट कसं भरायचं

आधी प्रथिनं. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. ते टिकवायचे तर दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. वजन बरंच जास्त असेल तर हा हिशेब जिथे पोचायचंय त्या वजनावर करा. समजा ते ७० किलो आहे, तर ८५ ते ११० ग्रॅम, म्हणजे तीन जेवणांत प्रत्येकी तीसेक. शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास, माशात २० ते २५, एका अंड्यात ६, पाणी काढलेल्या घट्ट दह्यात शंभर ग्रॅमला ९-१०, टोफूत १२ ते १५.

शाकाहारी लोक इथे अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. शिजवलेल्या मसुरात शंभर ग्रॅमला ९ ग्रॅम प्रथिनं असतात, पण कार्ब्जही २०. त्यातले ८ ग्रॅम तंतू (फायबर), ते पोट भरतात आणि साखर हळू चढू देतात. "डाळीत कार्ब्ज आहेत" म्हणून डाळी सोडणाऱ्या शाकाहारी माणसाचं प्रथिनांचं खातं पार रिकामं होतं. माझा स्पष्ट सल्ला : शाकाहारी असाल तर ५० ग्रॅमचा हट्ट सोडा, १२० च्या आसपास राहा, डाळी आणि कडधान्यं ठेवा आणि कात्री भात, मैदा, बटाटा आणि साखरेला लावा. टोफू, सोयाबीन, दही, चीज यांनी उरलेलं भरून काढा.

मग भाज्या, निम्मं ताट भरून. फ्लॉवर, कोबी, पालक, काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगं यांत शंभर ग्रॅमला साधारण ३ ते ६ ग्रॅम कार्ब्ज असतात. त्या मोजत बसू नका. मोजायचे ते बटाटा (२०), मका (२०) आणि मटार (१४). गाजरात १० असतात म्हणून लोक गाजरालाही घाबरतात. गाजर खाऊन वजन वाढलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

भात सोडायचा नसेल तर वजनकाटा आणा. शिजवलेल्या पांढऱ्या भातात शंभर ग्रॅमला २८ ग्रॅम कार्ब्ज. तुमची नेहमीची वाटी भरून काट्यावर ठेवा. दीडशे ग्रॅम भरली तर ४२ ग्रॅम झाले. दोन वाट्या घेत असाल तर एक करा, पण ती दुसरी वाटी भाजीने किंवा दह्याने भरा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे काट्याची गरज पडत नाही.

फळं अख्खी खा. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरी किंवा कलिंगडात ८ च्या आत, सफरचंदात १४, द्राक्षांत १८, केळ्यात २३.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो आणि माणूस हरखून जातो. आनंद जरूर माना, पण ते काय आहे ते समजून घ्या. शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्ज कमी झाले की हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. एखाद्या लग्नाच्या जेवणानंतर काटा एका रात्रीत दीड किलोने वर जातो, तेही हेच पाणी. त्या दिवशी आहार सोडून देऊ नका.

कार्ब्ज कमी झाल्याने शरीरातलं इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं जड होतं, थकवा येतो, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या एका बाईंना तिसऱ्या दिवशी दुपारी पाय उचलवेना. रक्तदाब आणि मूत्रपिंडं ठीक आहेत हे माहीत होतं, म्हणून मी त्यांना दिवसातून दोनदा भाज्यांचं गरम, मिठाचं सूप प्यायला आणि कार्ब्ज थोडे वाढवायला सांगितलं. दोन दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नका.

शौचाला खडा होत असेल तर बहुधा भाज्या आणि पाणी कमी पडतंय. जवसाची पूड चमचाभर दह्यात घालून खा.

वेष्टन वाचताना

पुढची मोठी अक्षरं सोडा, मागचा तक्ता वाचा, आणि त्यातही शंभर ग्रॅमचा रकाना. 'शुगर-फ्री' बिस्किटात साखर नसली तरी पीठ असतंच. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप ही साखरेचीच भावंडं आहेत. काही देशांच्या तक्त्यात कार्ब्जमध्ये तंतू धरलेले असतात, काहींत नसतात. आयात केलेल्या मालावर हे तपासा. आणि 'कीटो' छापलेले बार, कुकीज, पेयं यांवर पैसे घालवू नका. अंडी आणि कोबी घ्या.

चरबी फुकट नाही

लो-कार्बमध्ये लोण्याला मोकळीक मिळते ही समजूत फार पसरली आहे. एक मोठा चमचा तेल १२० कॅलरींचं. तीस ग्रॅम बदाम, म्हणजे छोटी मूठ, १७० च्या आसपास. टीव्हीसमोर डबा घेऊन बसलं की तीन मुठी कधी गेल्या ते कळत नाही, म्हणून बदाम वाटीत काढून घ्या आणि डबा परत ठेवा. काहींचं एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल या आहारात चांगलंच वाढतं. लोणी, क्रीम आणि चरबीयुक्त मांसाऐवजी मासे, सुकामेवा, वनस्पतीजन्य तेलं यांवर भर द्या, आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा.

पुढे

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. रोजच्या चढ-उताराला अर्थ नसतो. कंबरेचं माप पंधरा दिवसांनी टेपने घ्या. कित्येकदा काटा हलत नाही आणि पट्टा मात्र एक भोक आत जातो. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे.

चार आठवडे सरासरीही जागची हलली नाही आणि मापही तेच राहिलं, तर कार्ब्ज आणखी कापण्याआधी पुन्हा तीन दिवसांची वही लिहा. बहुतेक वेळा गुन्हेगार चीज, सुकामेवा आणि तेलात सापडतो. वजन हवं तिथे आलं की दर आठवड्याला रोजचे १० ते १५ ग्रॅम परत वाढवत न्या, आधी कडधान्यं आणि फळं, मग अख्खी धान्यं. सरासरी वर सरकायला लागली की एक पायरी मागे या आणि तिथे राहा. रस आणि कोला मात्र या वाढीव हिशेबात धरू नका.