मानसिक आरोग्य परिचर्येचं अध्यापन : विदर्भातल्या ट्यूटरने सुरुवात कुठून करावी

हा विषय (मेंटल हेल्थ नर्सिंग) नर्सिंग महाविद्यालयात शिकवायचा तर पात्रतेचा भाग चार वाक्यांत संपतो. बी.एस्सी. नर्सिंग, राज्य परिषदेची नोंदणी, वॉर्डातला किमान एक वर्षाचा अनुभव आणि मग दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग. प्रवेशाला बी.एस्सी.चे ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत असते. विषय निवडताना मानसिक आरोग्य परिचर्या घ्या. ‘जागा शिल्लक होती म्हणून घेतला’ असं असेल तर मात्र घेऊ नका, कारण या विषयात रुग्णाशी बोलावं लागतं आणि नावड विद्यार्थ्यांना आठवडाभरात कळते.

पोस्टिंगसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामासाठी, नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, सेवाग्राम-सावंगीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आणि जिल्हा रुग्णालयातली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी, तिन्ही बघा. फक्त मनोरुग्णालय पाहिलेला शिक्षक जुनाट आजारच शिकवतो. गावातलं नैराश्य त्याच्या नजरेत बसत नाही.

पाठाची टिपणं, चार्ट, मायक्रोटीचिंग (छोट्या गटापुढचा छोटा सराव-पाठ) हे सरावाने जमतं. खरी अडचण प्रोसेस रेकॉर्डिंगची आहे. बहुतेक महाविद्यालयांत ते फाईल भरण्यापुरतं उरलंय, म्हणून इथे थोडं थांबू.

प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणजे विद्यार्थी आणि रुग्ण यांच्यातल्या १५-२० मिनिटांच्या संवादाची शब्दशः नोंद. चार रकाने पुरतात : रुग्ण काय बोलला, विद्यार्थी काय बोलला, त्या वेळी दोघांचे हावभाव, आणि विद्यार्थ्याने कोणतं संवादतंत्र वापरलं व ते साधलं का. बोलताना वही उघडायची नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग तर अजिबात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. संवाद संपला की अर्ध्या तासाच्या आत लिहून काढायचं. संध्याकाळी हॉस्टेलवर लिहिलेलं रेकॉर्डिंग आठवणीतून कमी आणि पुस्तकातून जास्त येतं.

पहिली चूक भाषेची. यवतमाळकडचा कास्तकार म्हणतो, ‘मले काईच गोड लागत नाई, रातभर डोया लागत नाई.’ विद्यार्थी फाईलीत लिहितो, ‘अ‍ॅनहेडोनिया आणि इन्सोम्निया’, म्हणजे कशातच आनंद न वाटणं आणि झोप न येणं. इथे रुग्ण हरवला. ‘गोड लागत नाही’ यात जेवणही येतं, नातवंडंही आणि पीकही. नेमकं काय, हे पुढच्या प्रश्नात विचारायचं असतं. आधीच इंग्रजी शब्द चिकटवला की तो प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून रुग्णाचा रकाना वऱ्हाडीतच लिहायला लावा. फाईल इंग्रजीत हवी असेल तर भाषांतर शेजारी येऊ द्या, मूळ वाक्य खोडून नको.

याच चुकीचं धोकादायक रूप म्हणजे ‘अंगात येतं’ या शब्दांवर लगेच ‘डिल्यूजन’ (आजारातून आलेला पक्का भ्रम) लिहिणं. ज्या समजुतीवर त्या माणसाचं घर आणि गावही विश्वास ठेवतं, ती तेवढ्याने डिल्यूजन ठरत नाही. विद्यार्थ्याने विचारायला हवं : घरचे याबद्दल काय म्हणतात? हे कधीपासून आहे? झोप, जेवण, काम यांत काय बदललं?

दुसरी चूक खोट्या धीराची. ‘टेन्शन घेऊ नका, सगळं ठीक होईल’ हे वाक्य दिसलं की लाल पेनने अधोरेखित करा. ते ऐकून रुग्ण गप्प होतो आणि विद्यार्थ्याला वाटतं, आपण बरं केलं. ‘तुम्ही असं का केलं?’ हेही नको, त्यात जाब विचारल्याचा सूर येतो. ‘त्या दिवशी काय काय झालं?’ असं विचारायला शिकवा. आणि रुग्ण गप्प बसला तर विद्यार्थ्यालाही गप्प बसू द्या. तिथे घाईने मधे पडणारा मार्गदर्शक रेकॉर्डिंग बिघडवतो.

आत्महत्येचा प्रश्न टाळू देऊ नका. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. साधं विचारायचं : ‘जगू नये असं वाटतं का? काही करायचं ठरवलंय का?’ उत्तर ‘हो’ असेल तर रुग्णाला एकटं सोडायचं नाही, ड्यूटीवरच्या सिस्टर आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. गृहभेटीत हे निघालं तर घरातलं कीटकनाशक कुठे ठेवलंय ते बघून, घरच्यांशी बोलून, ते बाहेर किंवा कुलपात ठेवायला लावायचं. आशाताईला सोबत घ्यायचं, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्यायचा. आपल्याकडे सामाजिक काळजी नावाचा वेगळा पेपर असो-नसो, ती हीच आहे.

तपासणी त्याच दिवशी करा, दहा फाईली असल्या तरी. आठवड्याने मिळालेला शेरा कुणी वाचत नाही. तंत्राचं नाव चुकलं म्हणून गुण कापू नका. रुग्णाचं वाक्य बदललं असेल तर कापा.

बढतीचं गणित सोपं आहे : एम.एस्सी.नंतर सहायक प्राध्यापकाला तीन वर्षांचा अध्यापन अनुभव, सहयोगीला एकूण आठ वर्षं, त्यांतली पाच अध्यापनाची. अनुभवाचे दाखले नोकरी सोडतानाच हातात घ्या, नंतर हेलपाटे पडतात. पीएच.डी.चा विषय स्वतःच्या पोस्टिंगमधून निघाला तर टिकतो.

चांगली रेकॉर्डिंग्ज शिकवण्यासाठी जपून ठेवा, पण नाव आणि नोंदणी क्रमांक खोडून भागत नाही. छोट्या गावात ‘विहीर खचलेला, दोन मुली असलेला कास्तकार’ एवढ्यावर माणूस ओळखता येतो. म्हणून पीक, विहीर, मुलांची संख्या हेही बदला. रुग्णाचं बोलणं तेवढं तसंच ठेवा.